घरच्या घरी चायनीज टेकअवेसारखं चिकन स्वीट कॉर्न सूप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या चायनीज टेकअवेत, म्हणजे जेवण बांधून देणाऱ्या दुकानांत, मिळणारं चिकन-स्वीट कॉर्न सूप फिकट पिवळं आणि दाट असतं. मक्याची गोडी आधी लागते, मग पांढऱ्या मिरीची ऊब जाणवते आणि अंड्याचे मऊ धागे घशाखाली सहज उतरतात. जिन्नस मोजून दहा-बारा, तरी घरी केल्यावर कधी अंडं फुटतं, कधी चिकनचे गोळे होतात, तर कधी वाटी संपेपर्यंत सूपचं पाणी होतं. यातल्या बहुतेक चुका जिन्नसांच्या नसतात. कोणती गोष्ट कधी आणि किती आचेवर घातली, तिथे सगळं बिघडतं. म्हणून खालच्या उत्तरांत प्रमाणाइतकाच भर क्रमावर आहे.

खाली सगळीकडे मोठा चमचा म्हणजे १५ मि.ली. आणि छोटा चमचा म्हणजे ५ मि.ली. दोन्ही सपाट भरलेले.

हे सूप मुळात कुठलं?

कँटनी, म्हणजे दक्षिण चीन-हाँगकाँगकडच्या स्वयंपाकातलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० आणि १९६० च्या दशकांत, हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागातली पुष्कळ कुटुंबं ब्रिटनमध्ये गेली आणि त्यांनी तिथे रेस्टॉरंटं आणि टेकअवे काढले. हे सूपही त्यांच्याच हातचं.

कँटनी भाषेत पातळ, पाण्यासारख्या सुपाला ‘थॉंग’ म्हणतात आणि स्टार्चने दाट केलेल्या सुपाला ‘गंग’. आपलं सूप गंग आहे. एवढं कळलं की अर्धं काम झालं. चमच्यातून सोडल्यावर धार तुटता तुटता पडली पाहिजे आणि मक्याचे दाणे तळाशी न बसता सुपात तरंगत राहिले पाहिजेत. खिरीइतकं घट्ट नको आणि साराइतकं पातळही नको.

चौघांसाठी प्रमाण काय घ्यायचं?

पोटभर चार मोठे बोल किंवा जेवणाआधीच्या सहा वाट्या होतील, असं हे प्रमाण आहे:

- बिनमिठाचा चिकन स्टॉक (कोंबडीची हाडं उकळून गाळलेलं पाणी, कृती खाली) – १ लिटर
- क्रीम स्टाइल स्वीट कॉर्न – १ डबा (साधारण ४०० ते ४२० ग्रॅम)
- मक्याचे अख्खे दाणे, उकडलेले किंवा फ्रोझन – अर्धी वाटी
- बोनलेस चिकन ब्रेस्ट – २०० ग्रॅम
- अंडी – २
- कॉर्नफ्लोअर – ३ मोठे चमचे (सुमारे २५ ग्रॅम), शिवाय चिकनसाठी १ छोटा चमचा
- किसलेलं आलं – १ छोटा चमचा
- मीठ – सव्वा छोटा चमचा
- पांढऱ्या मिरीची पूड – पाव ते अर्धा छोटा चमचा
- लाइट सोया सॉस – १ छोटा चमचा
- भाजलेल्या तिळाचं तेल – अर्धा छोटा चमचा
- पातीच्या कांद्याची हिरवी पात, बारीक चिरून – २ मोठे चमचे

साखर मुद्दामच लिहिलेली नाही. डब्यातल्या मक्यात ती असतेच.

कृती सलग सांगाल का?

जाड बुडाच्या पातेल्यात स्टॉक आणि आलं घालून उकळी आणा, मग आच मंद करा. आधी मुरवलेल्या बारीक चिकनमध्ये (कसं चिरायचं आणि मुरवायचं ते खाली आहे) ३ मोठे चमचे थंड स्टॉक किंवा पाणी घालून ते सैल करा. ते मंद उकळत्या स्टॉकमध्ये थोडं थोडं सोडा आणि त्याच वेळी काट्याने हलवत राहा, म्हणजे कण सुटे होतील. दोन मिनिटांत चिकन पांढरं होतं. वर आलेला करडा फेस पळीने काढून टाका.

आता क्रीम स्टाइल मका, अख्खे दाणे, मीठ आणि सोया सॉस घाला. उकळी आली की मंद आचेवर ४ ते ५ मिनिटं ठेवा. मका जड असतो, बुडाशी बसतो आणि लागतो, त्यामुळे या टप्प्यावर पातेलं सोडून जाऊ नका.

३ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर ६ मोठे चमचे थंड पाण्यात कालवा. सूप उकळत असताना यातलं दोन तृतीयांश एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. एक मिनिट थांबून दाटपणा बघा. लागलं तरच उरलेलं घाला आणि पुन्हा एक मिनिट उकळू द्या.

मग आच अगदी कमी करा, बुडबुडे थांबू द्या आणि फेटलेलं अंडं बारीक धारेने सोडा. १५ सेकंद हात लावू नका. त्यानंतर पळी एकाच दिशेने दोन-तीनदा हळू फिरवा. पुन्हा हलकी उकळी येऊ द्या आणि अर्ध्या मिनिटाने गॅस बंद करा. मिरीपूड आणि तिळाचं तेल शेवटी, पात वाढताना.

क्रीम स्टाइल कॉर्नमध्ये क्रीम असतं का?

सहसा नसतं. मक्याचे दाणे अर्धवट भरडून त्यांच्याच दुधात पाणी, साखर, मीठ आणि थोडा स्टार्च घालून शिजवलेले असतात. ‘क्रीम’ हा शब्द दाटपणासाठी आहे. दुधाची ॲलर्जी असेल तर डब्यावरची यादी वाचून घ्या, कारण सगळ्या कंपन्यांची कृती एक नसते.

टेकअवेच्या चवीचं अर्धं रहस्य याच डब्यात आहे. नुसते अख्खे दाणे घातले तर पाणी वेगळं आणि मका वेगळा, असं काहीतरी होतं.

डबा मिळाला नाही, तर कणसं वापरता येतील?

येतील, आणि कणसं ताजी असतील तर चव डब्यापेक्षा सरस होते. स्वीट कॉर्नची तीन मोठी कणसं घ्या. दोन कणसं जाड भोकांच्या किसणीवर थेट ताटात किसा. सालं बऱ्यापैकी कणसालाच चिकटून राहतात आणि ताटात दुधाळ लगदा पडतो. किसून झालं की सुरीची बोथट बाजू कणसावरून वरून खाली दाबत फिरवा. सर्वांत गोड, चिकट दूध तेव्हाच निघतं. तिसऱ्या कणसाचे दाणे सुरीने कापून अख्खे ठेवा. हे सगळं अर्धी वाटी पाणी, १ छोटा चमचा साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ६ ते ८ मिनिटं शिजवा. थंड झाल्यावर ते डब्यातल्यासारखंच दिसतं.

उरलेले दांडे टाकू नका. स्टॉकमध्ये २० मिनिटं उकळून काढले की मक्याचा वास पाण्यातही उतरतो.

मिक्सर वापरायचा असेल तर थांबत थांबत दोन-तीन वेळा फिरवा, सलग नको. गुळगुळीत पेस्ट झाली की हवा भरते आणि सुपावर फेस येतो.

गावठी पांढरा मका चालेल का?

या सुपाला नाही. गावठी मक्यात साखर कमी आणि स्टार्च जास्त असतो, म्हणून तो भाजून मीठ-लिंबू लावून छान लागतो. सुपात मात्र तो पिठूळ होतो आणि गोडी येत नाही. स्वीट कॉर्नही शिळं झालं की त्याच वाटेने जातं, कारण तोडल्यानंतर दाण्यातल्या साखरेचा हळूहळू स्टार्च होतो. कणीस आणलं त्याच दिवशी वापरा, नाहीतर दाणे काढून दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढा आणि फ्रीझरमध्ये टाका.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं पीठच ना?

नाही. या गोंधळाने कितीतरी पातेली वाया जातात. भारतात आणि ब्रिटनमध्ये कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढराशुभ्र स्टार्च, जो बोटात चोळला की करकरतो. भाकरीचं मक्याचं पीठ पिवळसर किंवा मळकट पांढरं असतं आणि त्याने सूप रवाळ होतं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ‘कॉर्नस्टार्च’ लिहिलेलं पाकीट घ्यायचं. तिथे ‘कॉर्न फ्लोअर’ या नावाखाली मक्याचं बारीक दळलेलं पीठ मिळतं.

बटाट्याचा स्टार्चही चालतो. तो कमी तापमानाला दाट होतो आणि सूप जास्त पारदर्शक दिसतं, पण फार उकळलं तर लवकर सैल पडतं. तो वापरत असाल तर अडीच चमच्यांपासून सुरुवात करा.

स्टॉक कसा करायचा?

चिकनवाल्याकडून पाठ, मान, पंख अशी पाऊण किलो हाडं घ्या. मिळाले तर चार पंजेही घ्या, कारण पंज्यांत जिलेटिन भरपूर असतं आणि सुपाला अंग येतं. हाडं थंड पाण्यात बुडवून एक उकळी आणा, ३ ते ४ मिनिटांनी पाणी ओतून टाका आणि हाडं नळाखाली धुऊन घ्या. ही पायरी गाळू नका. रक्त आणि मळी इथेच निघते. नंतर कितीही फेस काढला तरी तो स्वच्छपणा येत नाही.

मग २ लिटर गार पाणी, ठेचलेल्या आल्याच्या चार चकत्या आणि पातीच्या कांद्याच्या दोन काड्या घालून अगदी मंद आचेवर दीड ते दोन तास ठेवा. वर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल इतकीच आच हवी. खदखदून उकळलं की चरबी पाण्यात फेटली जाते आणि स्टॉक गढूळ, तेलकट होतो. शेवटी गाळून सुमारे सव्वा ते दीड लिटर उरतो.

प्रेशर कुकरमध्ये पावणेदोन लिटर पाणी घ्या. एक शिट्टी झाली की आच मंद करा, ३५ ते ४० मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जाऊ द्या.

मीठ आता घालायचं नाही. लवंग, दालचिनी, तमालपत्र, हळद, लसूण यांपैकी काहीच घालायचं नाही. आपल्या हाताला सवय असते म्हणून तमालपत्र नकळत पडतं आणि मग सुपाला पुलावाचा वास येतो. इथे कोंबडी, आलं आणि मका एवढेच वास हवेत.

स्टॉक क्यूब चालेल?

घाईत चालेल. पाकिटावर सांगितलंय त्याच्या निम्म्याच ताकदीचं पाणी करा आणि त्यात आल्याच्या चकत्या १० मिनिटं उकळा. बहुतेक क्यूबमध्ये मीठ बरंच असतं, त्यामुळे वरच्या यादीतलं मीठ आधी घालूच नका. मका आणि सोया सॉस घातल्यावर चाखून ठरवा. भारतीय बाजारातल्या काही क्यूबमध्ये हळद आणि गरम मसाल्याचा अर्क असतो. ते या सुपासाठी घेऊ नका.

चिकन चिवट होतं किंवा गोळे होतात. असं का?

चिवटपणाचं कारण वेगळं आणि गोळ्यांचं वेगळं.

ब्रेस्टमध्ये चरबी जवळजवळ नसते. ते गरजेपेक्षा जास्त शिजलं की तंतू आवळतात आणि पाणी बाहेर फेकतात. त्यावर चिनी स्वयंपाकघरातला उपाय म्हणजे चिकनला स्टार्च आणि अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ लेप देणं. २०० ग्रॅम चिकनला पाव छोटा चमचा मीठ, चिमूटभर पांढरी मिरी, १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि सुपासाठी घेतलेल्या अंड्यांतलाच १ मोठा चमचा पांढरा भाग. एकाच दिशेने मिनिटभर कालवा. सुरुवातीला पाणी सुटल्यासारखं वाटतं, मग ते मांसात मुरतं आणि मिश्रण चकचकीत, किंचित चिकट होतं. तसं झालं की १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

गोळ्यांचं कारण याच चिकटपणात आहे. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटून कण एकमेकांना धरतात आणि तसाच घट्ट गोळा गरम पाण्यात पडला की बाहेरून लगेच आवळून कोफ्ता होतो. म्हणून पातेल्यात टाकण्याच्या अगदी आधी ३ मोठे चमचे थंड पाणी घालून ते सैल करायचं. पिठल्याचं पीठ कालवतो तितकं सैल. हे पाणी थंडच हवं. गरम स्टॉक घातला तर वाटीतच चिकन शिजायला लागतं.

दुकानातला तयार खिमा टाळा. तो फार बारीक असतो आणि त्यात चरबीही येते. ब्रेस्ट २० ते २५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवला की कडक होतो. मग पातळ कापं, कापांच्या काड्या, काड्यांचे तुकडे आणि शेवटी सुरीने भराभर टोचून घेतलेलं चिकन. साबुदाण्याएवढे कण राहिले की थांबायचं.

उकडून तंतू काढलेलं चिकन घातलं तर?

तेही बऱ्याच टेकअवेत असतं आणि घरी सोपं पडतं. अख्खा ब्रेस्ट मंद उकळत्या स्टॉकमध्ये सोडा, ५ मिनिटांनी झाकण ठेवून गॅस बंद करा आणि १५ मिनिटं तसाच राहू द्या. जाड भागात कापून बघा, आत गुलाबीपणा नको. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४°से. गाठलेलं हवं. मग हाताने बारीक तंतू काढा आणि सूप दाट झाल्यावर, अंड्याच्या आधी घाला. फार आधी घातलं तर तंतू दातात अडकतील असे होतात.

आधी अंडं की आधी कॉर्नफ्लोअर?

आधी कॉर्नफ्लोअर. नेहमी.

पातळ स्टॉकमध्ये अंडं सोडलं की ते पाण्याच्या हालचालीबरोबर भरकटतं, त्याचे बारीक कण होतात आणि सूप गढूळ दिसतं. दाट सूप संथ असतं. त्यात अंड्याची धार पडते तिथेच थांबते, तिथेच शिजते आणि धागा तसाच लटकत राहतो. नंतर कॉर्नफ्लोअर घालायचं म्हटलं तर जोरात ढवळावं लागतं आणि झालेले धागेही तुटतात.

अंड्याचे धागे होत नाहीत, भुर्जी होते. कुठे चुकतं?

बहुतेक वेळा आचेवर. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२°से.ला घट्ट व्हायला लागतो आणि बलक त्याच्या थोडं वर. सूप गॅस कमी केल्यावरही ९०°से.च्या आसपास असतं, म्हणजे अंड्याला लागते त्यापेक्षा जास्तच ऊब त्यात आहे. वर बुडबुडे फुटत असतील तर ते धार तोडतात आणि भुर्जी होते. उलट सूप फार निवलं तर अंडं शिजत नाही, विरघळून दुधासारखं होतं. बुडबुडे थांबलेले आणि वाफ निघतेय, ती वेळ साधा.

फेटताना फेस आणू नका. अंड्यात १ छोटा चमचा पाणी घालून काट्याने फक्त पांढरं-पिवळं एकत्र होईपर्यंत हलवा. फेस असला की तो वर तरंगतो आणि स्पंजसारखे तुकडे होतात. मग काटा पातेल्यावर वीतभर उंच आडवा धरा आणि अंडं त्याच्या दातांवरून ओता. चार बारीक धारा आपोआप पडतात. ओतताना पातेल्याभोवती गोल फिरा, एकाच जागी ओतलं की ऑम्लेट होतं.

पुढचे १५ सेकंद सर्वांत अवघड, कारण हात ढवळायला शिवशिवतो. धागे पारदर्शक असतात ते डोळ्यांदेखत अपारदर्शक होतात. तेवढं झालं की मगच पळी. लगेच ढवळलं तर धाग्यांऐवजी ढगासारखे नाजूक तुकडे होतात. काहींना तेच आवडतं आणि त्यात चूक काही नाही. रुंद, ठळक धागे हवे असतील तर मात्र थांबा.

फक्त पांढरा भाग घालावा की अख्खं अंडं?

नुसत्या पांढऱ्याने सूप दिसायला उजळ आणि नाजूक होतं, पुष्कळ कँटनी रेस्टॉरंटांत तसंच करतात. अख्ख्या अंड्याने रंग आणि चव दोन्ही भरतात. घरासाठी अख्खं अंडंच चांगलं. पिवळेपणासाठी हळद मात्र नको.

गुठळ्या झाल्या. आता?

कॉर्नफ्लोअर कोरडं घातलं, किंवा कालवून ठेवलेलं पुन्हा न ढवळता ओतलं, की हे होतं. स्टार्च दोन मिनिटांत वाटीच्या तळाशी सिमेंटसारखा बसतो. ओतण्यापूर्वी चमचा तळापर्यंत नेऊन ढवळलंच पाहिजे. गुठळ्या मोठ्या असतील तर झाऱ्याने उचलून काढा. अंडं अजून घातलं नसेल तर सूप चाळणीतून गाळा, चिकन आणि दाणे धुऊन परत टाका आणि गाळलेल्या सुपात थोडं नवं कॉर्नफ्लोअर लावा.

चांगलं दाट झालेलं सूप नंतर पातळ का होतं?

याची चार कारणं असतात.

पहिलं, ते पुरतं शिजलंच नव्हतं. मक्याचा स्टार्च ६२ ते ७२°से.च्या दरम्यान फुगायला लागतो, पण पुरा दाटपणा उकळीजवळ येतो. उकळी न येता गॅस बंद केला तर सूप पातळच राहतं आणि जिभेला खडूसारखं लागतं. दुसरं, अगदी उलट. दहा-पंधरा मिनिटं खदखदवत, घोटत राहिलं की फुगलेले कण फुटतात आणि दाटपणा उतरतो. तिसरं, व्हिनेगर किंवा लिंबू पातेल्यात घालून उकळलं. आंबटामुळे स्टार्च तुटतो. ज्याला हवं त्याने आपल्या वाटीत घालावं.

चौथं कारण कळत नाही म्हणून लोक कॉर्नफ्लोअरला दोष देतात. लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते स्टार्च तोडतं. चाखलेला चमचा परत पातेल्यात गेला की ते काम सुरू होतं. लहान मुलाची वाटी बघा. तोंडातला चमचा पन्नास वेळा त्याच वाटीत जातो आणि शेवटी तळाशी पाणी उरतं, तर शेजारची न उष्टावलेली वाटी तशीच दाट. चाखायला वेगळी वाटी ठेवा. अंड्याच्या बलकातही अमायलेज असतं, म्हणून अंडं घातल्यावर ती हलकी उकळी द्यायची. फ्रिजमध्ये ठेवायच्या सुपाला तर नक्कीच.

अजिनोमोटो घालावं का? ते वाईट असतं ना?

टेकअवेची चव हुबेहूब हवी असेल तर वरच्या प्रमाणाला पाव छोटा चमचा घाला आणि मीठ तेवढंच कमी करा. नाही घातलं तरी चांगल्या स्टॉकचं सूप चविष्ट होतं, पण बाहेरच्यासारखं का लागत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

अजिनोमोटो हे कंपनीचं नाव, पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी १९०८ मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ती चव वेगळी काढली. टोमॅटो आणि जुन्या चीजमध्ये ग्लुटामेट निसर्गतः असतं. चायनीज जेवणाने डोकं दुखतं ही समजूत १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रानंतर पसरली. नंतरच्या तपासण्यांत नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात तसा ठाम संबंध दिसला नाही. त्यात सोडियम सुमारे १२ टक्के असतं, साध्या मिठात ३९ टक्के. भारतात मात्र पाकिटावर वर्षाखालच्या बाळांसाठी नको असं लिहिलेलं असतं, ते पाळावं. तुम्हाला त्रास होतो असं वाटत असेल तर सोडून द्या.

काळी मिरी, आपलं तिळाचं तेल, नेहमीचा सोया सॉस चालेल?

काळी मिरी अडीअडचणीला चालेल, पण वास वेगळा येतो आणि काळे ठिपके दिसतात. तिळाच्या तेलाच्या बाबतीत तडजोड नको. आपल्या घाण्यावरचं तेल कच्च्या तिळाचं असतं. इथे हवं ते भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी, थेंबभरात खोलीभर वास येणारं. ते नसेल तर तेलच घालू नका. ते उकळायचं नाही, गॅस बंद केल्यावर घालायचं, नाहीतर वास उडून जातो. डार्क सोया सॉसने सुपाचा रंग चहासारखा होतो, म्हणून लाइटच घ्या.

फार गोड झालं तर?

साखर काढता येत नाही, तिला आवर घालता येतो. आधी चिमूटभर मीठ, मग मिरी. तरीही गोड वाटलं तर पाव लिटर स्टॉक आणि २ छोटे चमचे कॉर्नफ्लोअर वाढवा. पुढच्या वेळी पाऊण डबाच घाला.

आपल्याकडच्या हॉटेलातलं सूप असं का लागत नाही?

कारण ते इंडो-चायनीज आहे. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत स्वीट कॉर्न चिकन सुपात बारीक चिरलेलं गाजर, फरसबी, कोबी असतात, मिरीचा हात सढळ असतो आणि टेबलावर व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या, सोया आणि चिली सॉस असतातच. तसं हवं असेल तर प्रत्येकी २ मोठे चमचे गाजर आणि फरसबी मक्याबरोबर घाला, कोबी त्यानंतर. मिरच्यांचं व्हिनेगर करायला चार हिरव्या मिरच्यांच्या चकत्या अर्धी वाटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चिमूटभर मीठ आणि साखर घालून तासभर मुरवा.

खेकड्याचं करता येतं का?

येतं. ब्रिटनच्या टेकअवेत चिकनच्या शेजारी क्रॅब-स्वीट कॉर्न सूपही मिळतं. कोकण-गोव्याकडे ताज्या कुर्ल्या मिळत असतील तर हे जरूर करा. कुर्ल्या १० ते १२ मिनिटं उकडून १५० ग्रॅम मांस काढा आणि कवचाचा तुकडा राहिला नाही ना ते बोटांनी चाचपा. मांस दाट झालेल्या सुपात, अंड्याच्या आधी. ते शिजलेलंच असतं, फक्त गरम व्हायला हवं. आलं थोडं वाढवा, सोया सॉस वगळा.

अंडं खात नसेल तर?

चिकनलाही अंड्याऐवजी २ छोटे चमचे पाणी आणि थोडं जास्त कॉर्नफ्लोअर लावा. धाग्यांसाठी १०० ग्रॅम सिल्कन टोफूच्या (सोयाबीनच्या दुधाचं अगदी मऊ पनीर) बारीक काड्या शेवटी सोडा. चव वेगळी, पण मऊपणा येतो.

वीस जणांसाठी करायचं आहे.

माणशी २०० मि.ली. धरून ४ लिटर सूप लागेल. स्टॉक अडीच लिटर, मक्याचे ३ डबे, चिकन ५०० ग्रॅम, अंडी ५, कॉर्नफ्लोअर ६० ते ६५ ग्रॅम. मोठ्या पातेल्याला उकळी यायला वेळ लागतो आणि सूप खाली लागायची भीती जास्त, म्हणून मका घातल्यावर उलथन्याने बूड खरवडत राहा. दाट करून सूप मंद आचेवर झाकून ठेवा आणि अंडं पाहुणे बसल्यावर, दोन वेळा विभागून घाला. तासभर आधी अंडं घालून ठेवलं तर धागे रबरासारखे होतात. वर साय धरू नये म्हणून झाकण ठेवा.

उरलेलं किती दिवस टिकतं? फ्रीझरमध्ये ठेवता येतं?

दोन तासांच्या आत उथळ भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. गार झाल्यावर ते खरवसासारखं थिजतं, घाबरू नका. थोडा स्टॉक किंवा पाणी घालून मंद आचेवर ढवळत उकळी आणा. गरम करायचं ते एकदाच.

पूर्ण तयार सूप फ्रीझरमध्ये चांगलं राहत नाही. मक्याचा स्टार्च गोठून वितळला की पाणी सोडतो आणि अंडं स्पंजासारखं होतं. स्टॉक, चिकन आणि मका एवढंच गोठवा, दोन महिने छान राहतं. खायच्या दिवशी उकळी आणून कॉर्नफ्लोअर आणि अंडं ताजं.

कामावरून आल्यावर किती वेळात होईल?

स्टॉक फ्रीझरमध्ये असेल तर साधारण ३५ ते ४० मिनिटांत. आल्या आल्या स्टॉक मंद आचेवर वितळायला ठेवा, चिकन चिरून लेप लावून फ्रिजमध्ये सरकवा. तेवढ्यात आलं किसा, पात चिरा, अंडी फेटा, कॉर्नफ्लोअर कालवा आणि चारही वाट्या गॅसशेजारी क्रमाने मांडून ठेवा. एकदा चिकन पातेल्यात पडलं की शोधाशोध करायला वेळ नसतो.